मामाजीच्या ॲम्बेसेडरची दोन चाकं

अरे, माह्या लग्नाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मामाजीच्या जुन्या ॲम्बेसेडरमधी माही वरात देवरीले जानार होती. तेल टाकाच्या आधी डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा, कोनत्या प्रकारचं हाय ते पाहाचं होतं. मागची दोन्ही चाकं जॅकवर घेतली, एक फिरवलं तं दुसरं उलटं फिरलं. म्हणजे साधं डिफरेन्शियल; जॅकवर त्याची चाकं अशीच उलटी फिरतेत, एकदम बरोबर. पण मामाजीचं तोंड उतरलं.

"काऊन बे, एक चाक घरी वापस येऊन राहिलं का?"

मी खोटंच तोंड पाडून म्हटलं, "हो मामाजी. पोरीवाल्यांले सांगू नका."

अन् हळद लावाले गेलो.

वापस आलो तं मामाजी घामानं भिजलेले, बाजूले गेट बनवनारा वेल्डर. मामाजी खूश होऊन म्हणे, "आतले गिअर जोडून टाकले. पाह्य, दोन्ही संगंच फिरतेत!"

मी म्हटलं, "मामाजी, वळताना चाकं वेगवेगळी फिरा लागतेत. आता ॲक्सल तुटन न!"

मामाजी म्हणे, "तं पोरीवाल्यांले फोन लाव. म्हणा, मांडव सरळ रस्त्यावर टाका."