मासोळीच्या कण्यावर अंगठा

माहं माहेर भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठचं. आम्ही ढीवर, मासे धरणारे, अन् लग्न होऊन आली इकडे जबलपूरले नर्मदेवर, म्हणजे पाणी काही सुटलं नाही, नदी तेवढी बदलली. नाव माहं सुमन, पण बाजारात सगळे मौसीच म्हणतात. सासूबाई ज्या पाटावर बसत त्याच पाटावर मी बसते, मासोळी कापून देते. घरात मराठी, बाजारात हिंदी, अन् भांडण आलं का दोन्ही.

बाबाचं पहिले सांगून घेते, नाहीतर पुढचं तुमाले समजणार नाही. विहीर फोडाचा तोटा असते न, बारूदचा, तो पेटवून डोहात फेकला का मासे मरून आपोआप वर येतात, जाळं नको अन् मेहनत नको. बाबानं एकदाच केलं म्हणे, दुसऱ्याचं पाहून. हातातच फुटला. मी नऊ वर्षांची होती. दोन्ही मनगटाच्या खाली काही राहिलं नाही. मग जेवू कोण घालणार, माय तर मजुरीले जाये, तर मी घालो. मासोळीचा घास करताना एकेक काटा चिमटीत धरून काढो, तरी एकदा राहिला अन् बाबा खोकून खोकून लाल झाला, पण मले एक शब्द बोलला नाही. पोरीच्या हातानं जेवाची त्याले लाज वाटे. अजूनही दिवाळीत मी कानात कापूस घालून बसते, लोक हसतात, हसू द्या.

तर पावशीवर, म्हणजे विळीवर, बसणाऱ्या बाईले मासा पोटातून समजते. नदीवर जावं लागत नाही. पोटात काय निघालं त्यावरून तो कुठला ते सांगता येते. अन् बारूदनं मेलेला मासा वरून चांगला दिसते, चमकते, पण आतून कण्यावर अंगठा फिरवला का मधात एक जागा खचकन दबते. हवेचा फुगा फाटलेला असते, रक्त साकळलेलं असते. जाळ्यातल्या माशाचं असं नसते.

दोन वर्षांपहिले पूर्वा आली, माशांचा अभ्यास करणारी, इथल्याच मदन महलची पोरगी, आजोबा तिचे फॅक्टरीत होते, मराठीच लोक. पण तिले मराठी समजते, बोलता येत नाही, तर मी मराठीत बोलो अन् ती हिंदीत. म्हणे, नर्मदेतला बाडस, पुस्तकात त्याले महाशीर म्हणतात, तो संपत आला, त्याले वाचवाचं, पण तो अंडे कुठं घालते अन् कवा घालते हे तुम्हा लोकांनाच माहीत, मौसी आप बताइए. काय सांगू तुमाले, जन्मात मले असं कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं देऊन टाकलं. तिचा अंगठा धरून कण्यावर फिरवला. अन् हेही सांगितलं का बाडसाच्या पोटात उंबरं निघाली तर तो एकाच डोहाचा, कारण पाण्यावर वाकलेले उंबर आता तिथंच राहिले. तिथंच तो अंड्यावर येते. त्या डोहाचं नाव तुम्ही लिहू नका, बरं. पूर्वा साहेब लोकांच्या मागं लागली, डोह राखीव करा अन् राखणीले ढीवरांनाच ठेवा म्हणून. मले वाटलं, चलो, आपलं शिकलेलं कामी आलं.

अन् मग हे झालं. रमेश माहा दीर, मी लग्न होऊन आली तवा लहान होता, सासूबाई गेल्या अन् मीच त्याले वाढवलं. आता त्याचे केस पिकले. मागच्या आठवड्यात, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दिवस, बाजार बंद, तो सकाळीच थैलीत बाडस घेऊन आला, वहिनी काप, घरीच खाऊ. मी अंगणात बसली, पोट फाडलं, अंगठा फिरवला. खचकन आत गेला. तेवढ्यात फाटकातून पूर्वा. मौसी, ये कहाँ का है? म्हटलं, धरणाकडचा, जाळ्यातला. पण परातीत उंबरं पडली होती, अख्खी, लाल. पोरगी खाली बसली, मी शिकवलं तसाच अंगठा फिरवला, अन् माह्याकडं पाहिलं. हात धुतले, चहा अर्धा टाकला, गेली. तिले शिकवलं कोणी, मीच न.

रमेशले विचारलं, काहून करतो बाप्पा असं, तुले बाबाचं माहीत नाही का? तर म्हणे, मी काही येडा नाही वहिनी, मी वात लांब ठेवतो. वात लांब ठेवतो. बाबाही असंच म्हणला असन. तवापासून रस्त्यावर टायर फुटला तरी मी नदीकडं पाहते. पोरीनं हे साहेब लोकांना लिहिलं तर पोलीस येतील अन् नाही लिहिलं तर ती वात आहेच, सांगा तुम्ही, कशाले भ्यावं?

काल मीच पूर्वाले फोन लावला. म्हटलं, मासा कोणाचा होता ते सांगते, लिहून घे. तर पोरगी पहिल्यांदा मराठीत बोलली, अडखळत, मौसी, मी काही नाही लिहिलं. म्हटलं, लिही पोरी. जेलातून माणूस दोन्ही हात घेऊन घरी येते.

उद्या पोलीस येतील. रमेशले माहीत नाही, अन् माहीत झाल्यावर तो माह्याशी बोलन का नाही हेही मले माहीत नाही. नर्मदा माय त्याले बुद्धी देवो, अन् बुद्धी नाही दिली तर हात तरी ठेवो. आज दुपारी त्याले तळ्यातल्या रोहूचं कालवण केलं, आवडते त्याले. समोर बसून राहिली. तो मान खाली घालून एकेक काटा चिमटीत काढे अन् ताटाच्या कडेले ठेवे. वहिनी, अशी काय पाहून राहिली, म्हणे. म्हटलं, काही नाही, जेव.