टेबलाखालून

— नाही, परत सांग. नववी ओळ. आणि वही पालथी घाल आधी, उद्या अकरा वाजता समोर दोन माणसं बसतील तेव्हा काय वही उघडून वाचणार आहेस? — हं. रांग रिकामी आहे का ते तपासायचं. बरोबर. पण ते तर दुसऱ्या ओळीतच तपासून झालंय, मग नवव्या ओळीत परत कशाला? — मला काय विचारतोस दादा, ते तुला विचारणार आहेत. दादा म्हणते मी तुला, बघ. काकांच्या पोटी तीन महिने आधी जन्मलास त्याची शिक्षा मी बावीस वर्षं भोगतेय. नाही, वर नको, बस तूच खुर्चीवर, मी खालीच बरी आहे, टेबलाखाली पाय लांब करता येतात.

ऐक. इमारतीत एकच लिफ्ट, सात मजल्यांवर माणसं खोळंबलेली, आधी कुणाला उचलायचं ते ठरवणारा प्रोग्राम लिहा — एवढाच प्रश्न होता. नवव्या ओळीची काहीएक गरज नव्हती. ती ओळ तिथे आहे कारण पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला मॅडमनी माझ्या प्रोग्रामला रिकामी यादी दिली आणि तो सगळ्या वर्गासमोर कोसळला, आणि तेव्हापासून माझा हात दोनदा तपासतो. कुलूप लावल्यावर ओढून बघतात ना, तसं. तू काय सांगशील? तू आयुष्यात कधी कुलूप ओढून बघितलंयस? तू तर किल्ली दारालाच ठेवून जातोस — हसू नकोस. आणि अकरावी ओळ. दोन आकड्यांची अदलाबदल करायची तर एक आकडा मध्येच कुठेतरी ठेवावा लागतो, त्या जागेला सगळं जग टेम्प म्हणतं. मी डबा म्हणते. इंग्रजी अक्षरांत, डबा. मॅडमनी शिकवताना म्हटलं होतं, डबा समजा, वर्ग हसला, मी लिहून घेतलं आणि ते हाताला चिकटलं ते चिकटलंच. पाचशे जणांनी नोकरीची ती परीक्षा दिली असेल, त्यात डबा लिहिणारी दोनच माणसं, आणि ती दोन्ही मीच.

म्हणून तर काल मेल आली. तुला एक, मला एक, मजकूर अक्षर न् अक्षर सारखा — आपल्या उत्तरात दुसऱ्या एका उमेदवाराच्या उत्तराशी साम्य आढळले आहे, सोमवारी प्रत्यक्ष येऊन उत्तर समजावून सांगावे. किती सभ्य लिहितात. आणि ती मेल वाचून आपल्याकडे काय झालं? — तू होतास की समोर, मान खाली घालून जेवत होतास. काकांनी घास तोंडात असतानाच निकाल दिला. की रविवारचा दिवस हिने त्याला नीट शिकवावं, सोमवारी दोघांनी व्यवस्थित सांगावं, एका घरातली मुलं आहेत, डोकं सारखं चालतं म्हणावं. फोन बंद करून चालू कसा करायचा हे विचारायला जे वरच्या मजल्यावरून मला हाका मारतात, ते कंपनीचं डोकं कसं चालतं ते सांगतात. बाबांनी मान डोलावली. बाबांच्या मोठ्या भावाने उद्यापासून सूर्य पश्चिमेला म्हटलं तरी बाबा पडदे त्या बाजूचे लावतील. आणि मग काका म्हणाले, आणि अगदीच अंगाशी आलं तर हिने बघून लिहिलं म्हणून सांगावं, हिला काय, ही हुशार आहे, हिला कुठेही मिळेल. आणि माझी आई — माझी आई — म्हणाली, खरंच, हिला कुठेही मिळेल. या घरातल्या मोठ्या माणसांना माझं कौतुक सुचतं ते फक्त माझ्या हातातून काहीतरी काढून घ्यायचं असतं तेव्हा. आणि तू वाटी पुढे केलीस आणि आणखी वाढून घेतलंस.

जाऊ दे. पुढची ओळ. — नको, थांब, बुधवारचं एकदा बोलूच, कारण त्याबद्दल या घरात कुणी बोलणार नाही. तू कॅमेऱ्यासमोर, इस्त्रीचा शर्ट घालून. मी टेबलाखाली. तुझ्या पायांशी जमिनीवर दुसरा स्क्रीन, माझ्या मांडीवर कीबोर्ड, आणि वर तू बंद कीबोर्डवर बोटं नाचवतोयस आणि मध्येच कपाळाला हात लावून विचार केल्यासारखं करतोयस. काय मस्त करत होतास. माझ्या नाकासमोर तुझे अंगठे, डाव्या पायाला गोळा आला तेव्हा ते असे वळले, आणि तरी वर तुझा चेहरा हलला नाही, हो ना? ते मला कधी जमणार नाही. काकू दाराबाहेर पहारा देत होत्या. आणि मी — खरं सांगू — मजेत होते. नव्वद मिनिटांचा पेपर, मी पंचावन्न मिनिटांत संपवला. तीन पद्धतींनी होत होतं ते, तिन्ही मनात मांडून मी सगळ्यात चांगली निवडली. पूर्वी तुझं काही लिहून द्यायचे तेव्हा मुद्दाम एकदोन चुका घालायचे, तुझं वाटावं म्हणून. बुधवारी घातल्या नाहीत. का नाही घातल्या कोण जाणे. इतकं सुंदर जमलं होतं की हात लावावासा वाटेना.

गुरुवारी माझी परीक्षा. — हो, प्रश्न तोच, लिफ्टच्या जागी पार्सलची गाडी, म्हणून उत्तर सारखं आलं, सगळ्यांना तेच सांगितलंय मी, तेच खरं आहे. — काय? म्हणजे काय, तीन पद्धती होत्या तर दुसरी का नाही वापरली? हे कुणी — हे तू आत्ता विचारलंस का? सबंध दुपारभर मी घसा फोडतेय आणि तुला पहिला शहाणा प्रश्न हा सुचावा. — नाही सुचली. बस. नाही सुचली दुसरी. पहिलीही सुचली नव्हती. मी त्याच खुर्चीवर बसले, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा चेहरा, एवढासा, चौकोनात, माझ्याकडेच बघणारा, आणि माझ्या डोक्यात काही नाही. चाळीस मिनिटं. कोरा स्क्रीन, दादा. घाम हातावरून कीबोर्डवर. कोण बघत असेल, काय म्हणत असेल, ही अशी का बसलीय — आणि मग मी डोळे मिटून तुझ्या टेबलाखाली गेले. मनातल्या मनात. तुझे अंगठे, काकूंच्या चपलांचा आवाज, मांडीवर कीबोर्ड. आणि आदल्या दिवशी तिथे जे लिहिलं होतं ते ओळीने आठवून लिहून काढलं. डब्यासकट. मी बघूनच लिहिलं, काका म्हणतात ते खोटं नाही. माझंच बघून लिहिलं.

तुझ्या नावाने चौऱ्याण्णव मार्क आले आणि माझ्या नावाने मला धड बसता येत नाही.

कुणाला सांगितलं नव्हतं हे. तुला का सांगतेय देव जाणे. आणि आता उद्याचं बघ — नाही, तू बघच, डोळ्यासमोर आण. तू आत जाशील, हसशील, खुर्ची ओढून घेशील, तुझ्या त्या आवाजात सांगशील की नववी ओळ का आहे, कुलूप ओढून बघतात तसं, डबा कुठून आला, मॅडम, वर्ग हसला, सगळं. पाठ झालंय तुझं. दुपारभर मीच करून घेतलंय. आणि मग मी आत जाणार, समोर चार डोळे, आणि मी कोरी. कुणावर विश्वास ठेवतील ते? मी त्यांच्या जागी असते तर तुझ्यावरच ठेवला असता. काकांना मला लबाड ठरवायची गरजच पडणार नाही, माझं तोंडच ते काम करेल.

— आत्ता बोलतेयस की, म्हणे. आत्ता बोलतेय कारण आत्ता — कारण मी —

कुठे बसलेय मी?

वही दे इकडे. दे म्हणते ना. — काही नाही, फाडत नाहीये, ठेवून देतेय. ऐक, उद्या मी आधी आत जाणार. दार उघडून मी चार शब्दच बोलणार आहे, चार तर येतील, थिजले तरी येतील. दोन्ही पेपर मीच लिहिलेत. पाचवा विचारला तर बुधवार कुठे बसून लिहिला ते सांगेन, गुरुवार कसा लिहिला तेही सांगेन. — हो, तुझी जाईल. माझीही जाईल. कळतंय मला, मी काही खुळी नाही. पण माझ्या नावाने जाईल. आजवर माझ्या नावाने काही आलंही नाही आणि गेलंही नाही. — काकांना तू सांगतोस की मी सांगू? नको, तूच सांग. बुधवारचे तुझे अभिनयाचे मार्क अजून बाकी आहेत, ते तिथे मिळव.

आता ऊठ. — खुर्चीवरून ऊठ म्हणते, ती माझी खुर्ची आहे. लॅपटॉप राहू दे. कॅमेरा चालू करून ठेव, त्या चौकोनासमोर चार शब्द म्हणून बघते. आणि जाताना दार ओढू नकोस, बाहेर ऐकू येतंय तर येऊ दे. जा.