चौकातला फ्रिज

सासरे वजनकाट्यावर उभे होते आणि आकडा लिहून घेणाऱ्या सिस्टरचे कान मागच्या बाकावरच्या सासू-सुनेकडे होते.

“दोन किलो वाढलं? आई, बाबांना गुपचूप काही देता का?”

“मी कशाला देऊ? महिनाभर उकडलेल्या भाज्या खातायत बिचारे.”

“आपलं तळलेलं, उरलेलं तर मी चौकातल्या फ्रिजसाठी देते. भुकेल्या माणसाने न्यावं म्हणून.”

“आणि डबा पोचवायला रोज हेच जातात. एरवी पाण्याचा पेला उचलत नाहीत!”

“डबाही कसा चाटूनपुसून परत येतो! कुणाच्या तरी मुखी लागतंय, बरं वाटतं.”

सासरे काट्यावरून उतरले.

“कालच्या तळलेल्या बटाट्यांत मीठ विसरलीस हं, सूनबाई.”