व्यालेल्या म्हशीचं दूध

कराडच्या स्टँडवर कोयनानगरच्या एसटीसाठी उभ्या असलेल्या राहीबाईला पुढच्या दोघी शेजारणींचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"चंद्राबाई, अशी अवचित लेकीकडं निगालीस?"

"तिनं दूध तापवलं की नासतंय म्हणं. सासू म्हणती, पोरीचा हातच वाईट. चुलीपाशी फिरकू देत न्हाई."

"भांडं आंबूस आसंल."

"घासूनपुसून लख्ख आसतंय."

"मग म्हस कवा व्याली त्यांची?"

"परवा."

"अगं, मग चीकच की त्यो. कुणीबी तापवला तरी नासणारच. इहिणीला नीट समजावून सांग जा."

"तिला काय समजवायचं? जलम म्हशी राखण्यात गेला तिचा. दर वेताला गावभर खरवस वाटती."

"आन् तरीबी आसं बोलती?"

"म्हणून तर पोरीला घरी आणाय निगालीया."