सोबतीचं तिकीट

मिली : ...वार्षिक शुल्क चोवीस हजार. लिहिलं.

बाबा : आधी मोठ्यानं परत म्हणायचं, मग लिहायचं.

मिली : म्हटलं की आत्ता. बाबा, हे विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड आहे. आपण काटा तपासायला बसलेलो नाही.

बाबा : आकडा तो आकडा. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं परत म्हणायचा, मगच तो कागदावर उतरवायचा. चाळीस वर्षं या पद्धतीनं प्रयोगशाळांचे काटे तपासले मी. एकही दाखला चूक म्हणून परत आला नाही.

मिली : त्यातली पंधरा वर्षं वाचणारे तुम्ही आणि लिहिणारी मी.

बाबा : तुझं अक्षर चांगलं आहे.

मिली : धंदाही आता माझ्या नावावर आहे.

बाबा : म्हणूनच कार्डही तुझ्या नावावर घ्यायचं. व्यवसायासाठीचं कार्ड आहे, घरी बसलेल्या म्हाताऱ्याला ते कशाला देतील? पुढचं घे. विमानतळावरच्या लाउंजमध्ये वर्षातून बारा वेळा विनामूल्य प्रवेश.

मिली : बारा वेळा प्रवेश. याच्यापुढे काय लिहू? शून्य?

बाबा : शून्य का? तिथे आरामखुर्च्या असतात, चहा-कॉफी असते. तू तासन्‌तास त्या पत्र्याच्या बाकांवर बसतेस.

मिली : तासन्‌तास कधी बसते? मी पोचते तेव्हा लोक रांगेत उभे असतात. आणि लाउंजमध्ये गेले तरी तपासणीच्या वजनांची पेटी दोन पायांच्या मध्ये धरूनच बसणार. पेटी सोडून कॉफी आणायला उठता येत नाही, आणि पेटी घेऊन उठलं तर कॉफी धरायला हात उरत नाही. तुम्ही कधी उठला होतात?

बाबा : नाही.

मिली : मग?

बाबा : शून्य लिही. पुढचं. विमानात सर्वांत आधी चढण्याची मुभा. हे तरी तुझ्या उपयोगाचं आहे.

मिली : आहे. वरचा कप्पा भरायच्या आत पेटी ठेवता येते. पण तेवढ्याचेच वेगळे पैसे भरता येतात, आणि मी ते भरते. वर्षभराचे मिळून पाच हजारांच्या वर जात नाहीत.

बाबा : पाच हजार. लिही.

मिली : लिहिलं. आता पॉइंट. दर फेरीला इतके पॉइंट आणि पहिल्या तीन महिन्यांत दीड लाख खर्च केला तर वर आणखी. दीड लाखाचं आपण काय घेणार?

बाबा : वजनांचा नवा संच घ्यायचाच आहे.

मिली : तो पुढच्या वर्षी.

बाबा : वस्तू घ्यायचीच असेल तर आधी घेतली म्हणून काय बिघडतं?

मिली : हे तुम्ही बोलताय? मी हातमोज्यांचं दुसरं खोकं मागवलं तर पहिलं संपलं का म्हणून विचारता. आणि माझ्या वर्षाकाठी नऊ फेऱ्या. त्यातल्या चार गावांना या कंपनीचं विमानच जात नाही.

बाबा : पाच गावांना जातं.

मिली : पाच गावांना जातं. बरं, हे पॉइंट धरून चार हजार म्हणू. फार झाले. राहिलं काय? अरे, हे तर तुम्ही आधीच लिहून ठेवलंय. पेन्सिलीनं. "एक जादा बॅग विनाशुल्क, किंमत अठरा हजार." हे कुठून आलं?

बाबा : पाच फेऱ्या, जाऊन-येऊन दहा वेळा. प्रत्येक वेळी बॅगेचे अठराशे. गुणाकार करून पाहा.

मिली : गुणाकार बरोबर आहे. पण बॅग कुठली?

बाबा : म्हणजे?

मिली : आपण विमानाच्या पोटात काही देतच नाही. पेटी हातात, कपडे पाठीवरच्या पिशवीत. पहिल्या फेरीला मी सूटकेस आणली होती, तर तुम्ही मला दारातून परत पाठवलंत. ज्याचं लक्ष दोन ठिकाणी, त्याचं वजन चुकतं, असं काहीतरी म्हणालात.

बाबा : तेव्हाची गोष्ट वेगळी. कपडे कधी जास्त लागतात.

मिली : दोन दिवसांसाठी?

बाबा : थंडी असते काही ठिकाणी.

मिली : बाबा, ती जादा बॅग कुणाची आहे?

बाबा : कुणाची म्हणजे? कार्डावर जी सोय आहे ती मी मांडली.

मिली : या अठरा हजारांमुळे तर सगळं जुळतंय. हे काढलं तर चोवीस हजारांच्या समोर नऊ हजार उरतात. दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत मोजणारा माणूस असं पारडं हातानं दाबत नाही. द्या इकडे ते पत्रक.

बाबा : बाकी सगळं किरकोळ आहे. विमा वगैरे.

मिली : मग मधल्या दोन ओळींवर अंगठा का ठेवलाय?

बाबा : धरायला.

मिली : सोडा. हं. "वर्षातून एकदा मुख्य प्रवाशाबरोबर सोबतीचं तिकीट विनामूल्य." हे तुम्ही मला वाचून नाही दाखवलंत.

बाबा : वाचणारच होतो.

मिली : कधी?

बाबा : ओघात.

(आई चहाचे कप घेऊन दारात येते. काटे हलू नयेत म्हणून दार पायानं हळू ढकलते.)

आई : झालं का कार्ड? की अजून दोघांची वजनं चालली आहेत?

मिली : आई, वर्षातून एकदा एक तिकीट फुकट मिळतं. माझ्याबरोबर कोण येणार असेल, सांग बरं.

आई : मी नाही. मला विमानात कान दुखतात, हे ह्यांना ठाऊक आहे.

बाबा : मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

आई : नाव नाही घेतलं, पण तपकिरी बॅगेला तेल लावलंय. पलंगाखालून काढून. चार दिवस झाले. मी म्हटलं, माणसाला करमत नसेल.

मिली : तपकिरी बॅग. तरीच.

बाबा : चामडं वाळतं. अधूनमधून तेल लावावं लागतं.

आई : दोन वर्षं नाही ते वाळलं? चहा घ्या, निवतोय. आणि तिला सरळ सांगा काय ते. मला आमटी बघायची आहे, पण हे ऐकल्याशिवाय मी जायची नाही.

मिली : वीस तारखेचं आहे का, बाबा?

बाबा : कसली वीस तारीख?

मिली : औषध तपासणीच्या प्रयोगशाळेची. तुम्हाला कसं कळलं? त्यांचा मेल मला आला होता.

बाबा : जुन्या पत्त्यावरही आला. त्यांच्याकडे तो अजून आहे.

मिली : तुम्ही तो उघडता?

बाबा : रोज सकाळी. बहुतेक दिवशी जाहिराती असतात. या कार्डाचीही जाहिरातच होती. त्याच्याच खाली प्रयोगशाळेचं ते पत्र. दोन पारड्यांचा काटा वापरातून काढत आहोत, शेवटची तपासणी करून तसा दाखला द्यावा. तू मला सांगितलं नाहीस.

मिली : नाही सांगितलं.

बाबा : तो काटा मी बसवलेला आहे. दगडी ओटा मी घडवून घेतला. चार दिवस नुसता ओटा समपातळीत आणत होतो.

आई : चार कसले, नऊ. मी दवाखान्यात, ही जन्मलेली, आणि हे काट्यापाशी. दहाव्या दिवशी आले आणि हिला उचलून म्हणाले, "किती हलकी आहे, मिलिग्रॅमच जणू." लोकांना वाटतं मिली हे लाडाचं नाव आहे.

बाबा : लाडाचंच आहे.

मिली : बाबा, मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून नाही सांगितलं.

बाबा : हं.

मिली : नाही. हे खरं नाही. तुम्ही "मीही येतो" म्हणाल, म्हणून नाही सांगितलं.

आई : आता कुठे बोलणं सुरू झालं.

बाबा : मी आलो तर तुला अडचण होते.

मिली : होते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही नुसतं बसायला म्हणून आला होतात. त्याच प्रयोगशाळेत. मी पाचवं वजन ठेवत होते, सहा माणसं बघत होती, आणि तुम्ही "थांब" म्हणून माझ्या हातातला वजनं उचलायचा चिमटा काढून घेतलात. त्यानंतर काय होतं, ठाऊक आहे? मी तिथे गेले की आधी विचारतात, "बाबा नाही आले?" मी दाखल्यावर सही केली की म्हणतात, एकदा बाबांना दाखवून पाठवा. पंधराहून जास्त वर्षं काम करतेय मी. मला ते दाखला परत करत नाहीत, बाबा. नुसते थांबतात. तुमच्या फोनची वाट बघत.

बाबा : मला फोन येतात.

मिली : काय सांगता तुम्ही?

बाबा : सांगतो, बरोबर आहे म्हणून.

मिली : म्हणजे तपासून बरोबर आहे, असं त्यांना वाटतं.

बाबा : हो. तसंच वाटत असणार.

आई : बोला ना. मला सांगितलंत ते तिला सांगा. माझ्या ऐकण्यानं काय होणार आहे?

बाबा : सांगतो. त्या दिवशी मला वाटलं, काट्याच्या पेटीचं काचेचं दार उघडं राहिल्यामुळे तुझा आकडा हलला. म्हणून चिमटा घेतला. वजन पुन्हा ठेवलं, वाचलं. तू लिहून घेतलंस.

मिली : मी परत म्हणायच्या आत तुम्ही "लिही" म्हणालात. आयुष्यात पहिल्यांदा.

बाबा : तुझ्या लक्षात आहे.

मिली : माझ्या लक्षात असणारच.

बाबा : तू परत म्हटलं असतंस, तर त्या सहा जणांनी ऐकलं असतं. माझाही आकडा तोच आला होता. तुझाच. चौथ्या घरापर्यंत. तुझं काही चुकलं नव्हतं, मिली. आणि मी ते त्यांना ऐकू दिलं नाही.

मिली : मला कळलं होतं. लिहिताना.

बाबा : कळणारच. लिहिणाऱ्याला सगळं कळतं.

मिली : मग विमानात काही का नाही बोललात?

बाबा : पेटी वरच्या कप्प्यात ठेवलीस आणि तू खिडकीतून बाहेर बघत बसलीस. वाटलं, उतरल्यावर बोलू. मग वाटलं, घरी गेल्यावर. मग मी जायचंच बंद केलं. सगळ्यांना गुडघे सांगितले.

आई : गुडघे ठणठणीत आहेत. पलंगाखाली वाकून बॅग काढली यांनी.

बाबा : तो काटा आता जाणार. ती माणसंही पांगतील; निम्मी नव्या इमारतीत, निम्मी निवृत्त. त्याच काट्यापाशी, त्याच माणसांसमोर ते दुरुस्त करायचं, तर वीस तारीख शेवटची. पण "मला घेऊन चल" असं तुला कोणत्या तोंडानं म्हणू? कार्डाची जाहिरात दिसली. तिकीट फुकट असेल तर तू म्हणशील, वाया कशाला घालवायचं.

मिली : चोवीस हजार भरून आठ हजारांचं तिकीट फुकट.

बाबा : हिशेब लंगडा आहे. मान्य.

मिली : आणि ते जुळवायला अठरा हजारांची बॅग.

बाबा : तिथे घसरलो. सोबत जायचं तर बॅग लागणार, एवढंच डोक्यात होतं.

आई : काय ठरवायचं ते ठरवा. फक्त यांना बोलून बोलून नाही म्हणू नकोस. नाही म्हणायचं तर एकदाच म्हण. विमान वरून गेलं की हा माणूस मान वर करतो, आणि मी बघितलं की छताकडे बोट दाखवून म्हणतो, कोळिष्टकं झाली आहेत. सगळं घर झाडून झालं माझं दोन वर्षांत.

मिली : कार्ड घ्यायचं नाही.

बाबा : बरोबर आहे. नऊ हजारांसाठी चोवीस हजार कुणी देऊ नयेत. दे तो कागद, फाडून टाकतो.

मिली : फाडू नका. मागची बाजू कोरी आहे. लिहा. तारीख एकोणीस, सकाळचं विमान, दोन तिकिटं. आपली साधी, पैसे भरून.

बाबा : दोन?

मिली : तुम्ही परत नाही म्हटलं.

बाबा : दोन तिकिटं.

मिली : तपकिरी बॅग घरी राहील. कपडे पाठीवरच्या पिशवीत मावतील तेवढेच. पेटी वरच्या कप्प्यात मी ठेवणार. चिमटा माझ्या हातात. आणि वापरातून काढल्याच्या दाखल्यावर सही माझी.

बाबा : सही तुझी. आणि मी?

मिली : तुम्ही काय म्हणाल, त्याचीच मला भीती वाटते, बाबा. खरं सांगते. ती सहा माणसं पुन्हा तुमच्याकडे बघतील.

बाबा : बघतील. त्यांना बघायला काहीतरी द्यायला हवं. आपली टिपणवही कुठे आहे?

मिली : कपाटात. का?

बाबा : पेन्सिलही लागेल. टोक केलेली. तू वाच, मिली. मी लिहून घेईन. प्रत्येक आकडा मोठ्यानं परत म्हणेन, आणि मगच लिहीन.