घरचं फूल, बारा महिने

तिप्पण्णा : …म्हणून मोगरा कट. शेवंती कट. जाईचा मांडव तर सगळ्यात आधी कट. वैनी, तुमच्या बागेत झाडं कमी आन् पाव्हणेच जास्त झालेवते. आपापल्या मोसमात यायचं, पंधरा दिवस मिरवायचं आन् बाकी वरीसभर फुकटचं पाणी पिऊन झोपायचं. आमचा मेव्हणा परवडला.

अक्कम्मा : मोगरा राहू द्या की भावजी. यांच्या हातचा हाय.

तिप्पण्णा : हातचा हुता. आता काटकी हाय. तिला पाणी घालून मोगरा येतोय व्हय? हा नवा नकाशा बघा. यावेळी बिडीच्या पुड्यावर न्हाय काढला, रंगखान्याच्या चोपडीतला कागद फाडलाय. मुकादम झाल्याचा तेवढाच फायदा.

अक्कम्मा : मागच्या नकाशात सहा झाडं हुती.

तिप्पण्णा : त्याच्या आधी नऊ हुती. आमच्या दोस्ताचा, गुरप्पाचा, मूळचा बाराचा, दर महिन्याला एक. मी आपला एकेक पायरी उतरत तीनवर आलोय. भिंतीला कण्हेर, मधी तगर, उंबऱ्यापाशी सदाफुली. तिन्ही बारमाही. छाटायला नको, बांधायला नको, मांडव नको. तुमी दारात बसायचं आन् बघायचं. एक रुसलं तर दोघं हायेत समजूत काढायला.

अक्कम्मा : मला बघायला नको हाय बाग. मला रोज एक फूल पायजे. लिंगाला घरचं फूल वाहिल्याबिगर माझ्या घशाखाली घास जात न्हाय, तुमाला ठावं हाय.

तिप्पण्णा : ठावं हाय की. पण वैनी, मंगळवार पेठेत गजरेवाल्या बायका बसत्यात. एक पुडी मी रोज येता येता…

अक्कम्मा : बाजारचं चालत न्हाय. "अक्कम्माला म्हणावं बाग सांभाळ, लिंगाला घरचं फूल चुकवू नको." यांचं शेवटचं बोलणं. तुमीच श्रीपुरातनं घेऊन आलाव.

तिप्पण्णा : व्हय. आणलं मी.

अक्कम्मा : मग? काल कण्हेरीचं शेवटचं फूल वाहिलं. आज कळी बी न्हाय तिच्यावर.

तिप्पण्णा : म्हंजे आज तुमी…

अक्कम्मा : सकाळी पाणी पिले. चहा तुमच्यापुरता टाकलाय, प्या. निवंल.

तिप्पण्णा : कण्हेर मरती व्हय कुटं? गाढव तोंड लावत न्हाय, ऊन काय करत न्हाय. रेल्वेच्या रुळाकडंला वाढती ती. मीच आणली फांदी. तगर मी आणली, दोनदा. सदाफुली तर आमच्या गटारीत उगवलीय, तितनं उपटून दिली. तुमच्याकडं आली की महिन्याभरात माना टाकत्यात. तुमी झाडांना कीर्तन ऐकवताव का काय?

अक्कम्मा : माझा हात चांगला न्हाय म्हणा.

तिप्पण्णा : हाताला काय झालंय. नळाला पाणी येतंय न्हवं?

अक्कम्मा : येतंय. प्यायला, सैपाकाला भरते.

तिप्पण्णा : आन् झाडांना?

अक्कम्मा : झाडांना हे. ही बादली.

तिप्पण्णा : ही जांभळी?

अक्कम्मा : काल जांभळं हुतं, परवा लाल. तुमच्या रंगखान्यात ज्या रंगाचं सूत, त्या रंगाचं पाणी. मागनं वाहणाऱ्या तुमच्या मोरीतनं रोज सांजच्याला दोन बादल्या भरते. तुमची पाळी असती तवा, म्हणून तुमाला दिसत न्हाय.

तिप्पण्णा : वैनी, ते दुष्काळातलं हुतं. नळ कोरडा हुता तवाचं.

अक्कम्मा : नळाचं पाणी बिनरंगाचं की. त्यानं फुलाला रंग कसा चढंल?

तिप्पण्णा : रंग? फुलाला?

अक्कम्मा : असं का बघताव? तुमीच सांगितलंवतं. शेतकीचा सायेब पुण्यास्नं आलाय, म्हणतोय रंगाचं पाणी घाला. पहिल्या वरसाला पानं गळत्यात, दुसऱ्याला मातीवर पांढरं येतं. घाबरायचं न्हाय. तिसऱ्याला फूल लागंल ते रंगीत, तगर बी लाल, मोगरा बी लाल, आन् बारा महिने. पाडव्याला तीन वरसं भरली माझी.

तिप्पण्णा : भिंतीपाशी पांढरं हाय, ते आलंय?

अक्कम्मा : बोटभर जाड. खरवडलं तर पापडासारखं निघतंय. मी हात लावत न्हाय त्याला.

तिप्पण्णा : वैनी, तो सायेब न्हवता.

अक्कम्मा : कोण न्हवता?

तिप्पण्णा : सायेबच न्हवता. पुण्यास्नं कोण बी आलं न्हवतं. मी आलोवतो, समोरच्या टपरीवरनं, पान खाऊन.

अक्कम्मा : फूल तर दावलं की तुमी. निशिगंधाची काडी, गुलाबी झालेली. मी हातात घेऊन बघितली.

तिप्पण्णा : ती रातभर शाईत उभी केलीवती. लाल शाई, आमच्या कारकुनाच्या टेबलावरची. कापलेली काडी पाण्याबरोबर रंग वर ओढती, पाकळ्या गुलाबी व्हत्यात. पोरं करत्यात शाळंत.

अक्कम्मा : का केलं असं?

तिप्पण्णा : गुरप्पाला जाऊन वरीस झालंवतं. तुमी वरसात एकदा बी हसला न्हवता. म्हटलं, असलं कायतरी अचाट सांगतो. वैनी म्हणतील, जा हो तिप्पण्णा भावजी, कुणाला शेंड्या लावताव. तेवढं ऐकायला आलोवतो मी. दुसरं काय न्हाय.

अक्कम्मा : मी म्हटलं न्हाय तसं.

तिप्पण्णा : तुमी उठून बादली घेतलाव. वरसानं पहिल्यांदा परसात आलाव, पदर खोचून. मग मला सांगवंना. वाटलं, झाडं तशी बी पाण्याबिगर मरणारच हायेत. चार दिस घालतील आन् सोडतील.

अक्कम्मा : मी तुमचं खोटं धरत न्हाय, भावजी. एकदा धरलंवतं.

तिप्पण्णा : कदी?

अक्कम्मा : इसरला? तुमी मागं येऊन सांगितलं, गुरप्पाला पोलिसांनी धरलं. मी रडत चौकीत गेले. हे पलीकडं पानपट्टीवर हसत उभे, संगं तुमी. सगळी पेठ महिनाभर हसली. त्याच्या पुढच्याच महिन्यात चादरी इकायला दोघं श्रीपुराला गेलाव, आन् तितनं तुमी एकटेच आलाव. चादरींचं गठुडं तुमच्याच खांद्यावर. म्हणालाव, वैनी, गुरप्पा बाजारात पडला, गेला.

तिप्पण्णा : आठवतंय.

अक्कम्मा : मी हसले. म्हटलं, बसा, चहा टाकते, मग सांगा खरं. चहा उकळत हुता आन् दारात गाडी आली. यांना घेऊन.

तिप्पण्णा : वैनी, नका काढू ते.

अक्कम्मा : काढत न्हाय. सांगते. त्या दिवशी मी लिंगावर हात ठेवून म्हटलं, हा माणूस काय बी बोलू दे, आपण खरंच धरायचं. पुन्यांदा चुकायचं न्हाय. त्यावर तुमी शाई आणलाव.

(तिप्पण्णा बादली उचलून परसाच्या दारापर्यंत जातो, मोरीत ओततो आणि रिकामी घेऊन परत येतो.)

अक्कम्मा : ह्या मातीत आता काय येतंय, तेवढं सांगा. खरं सांगा.

तिप्पण्णा : काय येत न्हाय. रंग पक्का करायला आमी मीठ टाकतो, सोडा टाकतो, पोत्यांनी. माझ्या हाताची कातडी बघा, एक नख धड न्हाय. मुळी किती तग धरणार?

अक्कम्मा : पाऊस पडल्यावर? धुऊन जात न्हाय?

तिप्पण्णा : वरचं खाली जाईल, उन्हाळ्यात परत वर. आपण दोघं असेपर्यंत तरी न्हाय.

अक्कम्मा : यांची बारा झाडं हुती.

तिप्पण्णा : डालड्याचा डबा आणतो. मोठा, पाच शेरी. शेताची माती आणतो, हत्तुर साईडची. त्यात एक फांदी, कण्हेरीची, फक्त नळाचं पाणी. वैनी, हा शेवटचा नकाशा. एक डबा, एक झाड. याच्यापेक्षा सोपी बाग मला येत न्हाय.

अक्कम्मा : फूल कवा?

तिप्पण्णा : जगली तर… वरसानं.

अक्कम्मा : आन् वरीसभर मी काय वाहू?

तिप्पण्णा : मोडा की हा नेम. कोण बघतंय? गुरप्पा असता तर म्हणाला असता, अगं जेव आधी. भाकरी-शेंगाचटणी खा आन् मग कर पूजा. तसलाच माणूस हुता तो, तुमी ओळखताव.

अक्कम्मा : तसलाच हुता. म्हणूनच मला कोडं पडायचं.

तिप्पण्णा : कसलं?

अक्कम्मा : आयुष्यात कदी मला म्हणाले न्हाईत, फूल चुकवू नको. सकाळी मीच ओरडायची, आंघोळ करा, लिंगपूजा करा. आन् जाताना तेच सांगून गेले.

तिप्पण्णा : वैनी…

अक्कम्मा : श्रीपुरातला डॉक्टर गाडीबरोबर आलावता. म्हणाला, जागच्या जागी गेले, कुणाशी बोलायला बी सवड झाली न्हाय. मी त्याला खोटा धरला. तुमाला खरं धरलं.

तिप्पण्णा : वैनी, मी त्या दिवशी एष्टीत बसून सगळी वाट इचार करत हुतो, घरात जाऊन तुमाला नुसतं 'गेला' कसं सांगू. हातात कायतरी…

अक्कम्मा : नको.

तिप्पण्णा : एवढं ऐका. आज सगळं सांगून टाकतो.

अक्कम्मा : डबा आणा तुमी. पण ते सांगू नका. मला उद्या सकाळी उठायचं हाय.