सात मतांचं घर

न्हाई न्हाई, मतदारसंघाचं नाव मी घेणार न्हाई, कितीबी आग्रह करा... जालना जिल्ह्यातला आहे, बस्स. कोणता ते विचारू नका, अन् नकाशावर शोधाल तर सापडायचाबी न्हाई. आमदाराचं नाव तर मुळीच न्हाई. मी ‘ताई’ म्हणतो, तुम्हीबी ताईच म्हणा, दोघांचंबी भलं होईल. अन् ते मागचे भाऊ, मोबाईल उभा धरून बसलेत ते... रेकॉर्डिंग चालू न्हाई ना? बघा हं, हात जोडतो. तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी, भोकरदनपासून मंठ्यापर्यंत बदल्या झाल्या, कधी डोकं दुखलं न्हाई. अन् रिटायर झाल्यावर एका आकड्यापायी बीपीची गोळी सुरू झाली! मला एक सांगा, आकड्याला काय पार्टी असती का?

तर झालं असं की आमच्या ताईंचे सासरे, कैलासवासी आबासाहेब, ह्यांची जयंती. त्या निमित्तानं एक स्मरणिका काढायचं ठरलं. ताईंचे पीए, कल्याणराव, माझ्या घरी आले. गुरुजी, म्हणे, आपल्या मतदारसंघाचा निवडणुकांचा इतिहास तुम्हीच लिहायचा, तुमच्यासारखा अभ्यासू माणूस तालुक्यात न्हाई. आता अभ्यासू म्हणल्यावर माणूस फुगणारच ना? मी फुगलो. तिथंच चुकलं.

आबासाहेब आयुष्यात एकदाच उभे राह्यले. सन अठ्ठ्याहत्तर. अन् पडले. किती मतांनी पडले? कुणालाबी विचारा... शेळ्या राखणाराबी सांगंल. सात मतांनी! ताई प्रत्येक सभेत शेवटी चष्मा काढतात, सात बोटं वर करतात, अन् हळू आवाजात म्हणतात, माझ्या देवमाणसाला तुम्ही सात मतांनी पाडलं, आता ह्या सुनेला काय देता ते तुमचं तुम्ही बघा. लगेच बाया पदर लावतात डोळ्याला. तीनदा निवडून आल्यात ताई, तिन्ही वेळा ह्या सात बोटांवर.

अन् ते सात जण कोण? आम्ही! आमचं घर! मतदानाच्या दिवशी माझा बाप, माझी माय गोजरबाई, चुलते, आत्या असे मोजून सात जण बैलगाडीनं मामाच्या लग्नाला गेल्ते. मतं राह्यली. निकाल लागला, आबासाहेबांच्या माणसांनी गावात आकडा सांगितला सात, अन् गावानं हिशेब जमवला... सात मतांनी पडले, सात जण लग्नाला गेले, मंग पाडलं कुणी? तवापासून आमच्या घराचं नाव पडलं ‘सात मतांचं घर’. पोस्टमन त्याच नावानं पत्र आणायचा. माझ्या बहिणीची सोयरीक मोडली, का तर घर दगाबाज आहे. बाप माझा खाली मान घालून पारावरून जायचा, तसाच गेला. माय आडावर पाण्याला गेली की बाया दोर आवरून घ्यायच्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं! हे हसण्यावारी नेऊ नका, मी भोगलंय.

मंग मी लिहायला बसलो. आता गणिताचा मास्तर ऐकीव आकडा लिहील का? बिलकुल न्हाई. आयोगाच्या जुन्या अहवालाची फाईल मोबाईलवर उतरवली, चष्मा पुसला, अन् अठ्ठ्याहत्तर साल काढलं. पहिल्या नंबरला एकोणतीस हजार सहाशे चाळीस. दुसऱ्याला एकवीस हजार. आबासाहेब कुठं आहेत? तिसऱ्यातबी न्हाईत! चौथ्या नंबरला... तीन हजार एकशे अठरा. डिपॉझिट जप्त.

मी तीनदा बघितलं. कागदावर वजाबाकी मांडली. सव्वीस हजार पाचशे बावीस मतांनी पडले होते आबासाहेब! आमच्या गाडीत सात जण होते हो... सव्वीस हजार मावतात का बैलगाडीत?

पळत गेलो मायकडं. शहाऐंशी वर्षांची आहे ती, कानानं कमी. मोठ्यानं ओरडून सांगितलं. तिला आधी कळंच न्हाई. मंग कळलं. म्हणली, “म्हंजे आम्ही न्हाई पाडलं?” म्हणलं, न्हाई माय. “तुझ्या बापाला सांगायला पाह्यजे होतं रे.” बस, एवढंच बोलली. त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं पुरण वाटलं.

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं ताईंनाबी आनंद होईल! मतदारसंघावरचा डाग जाईल, कुणी दोषी न्हाई, सगळे निर्मळ! म्हणून मी नुसता आकडा न्हाई दिला... पान चौदावर पूर्ण वजाबाकी मांडली, हातचे दाखवून, अन् खाली ताळासुद्धा करून दाखवला! सवय हो. कल्याणरावांनी न वाचताच मजकूर जालन्याला मस्तगडच्या प्रेसमध्ये धाडला, कारण त्यांना फक्त ताईंचा फोटो कुठं येतो तेवढंच बघायचं होतं. दोन हजार प्रती छापून झाल्या.

अन् मंग फोन आला. “गुरुजी, ताईंनी आठवण काढलीय.”

आता आमच्याकडं ‘आठवण काढली’ म्हणलं की माणूस आधी घरच्यांचा निरोप घेतो. मी आधी सैपाकघराकडं बघितलं. कारण माझी सून तृप्ती ताईंच्याच संस्थेच्या शाळेत, तीन वर्षं झाली शिक्षण सेवक, अन् कायम झाल्याची ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती. पोरगी बिचारी काही बोलली न्हाई, नुसती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राह्यली. न बोलणाऱ्या सुनेची लई भीती वाटती माणसाला. मी तिला म्हणलं, अगं, आकड्याला काय पार्टी असती का? ती म्हणली, “मामंजी, ऑर्डरीला असती.”

बंगल्यावर गेलो. तिथं बाकावर शेजारी एक माणूस, धम्मपाल नावाचा, दुसऱ्या गावचा, शिफारशीचं पत्र घ्यायला आल्ता. मला धीर यावा म्हणून बोलू लागला. म्हणला, गुरुजी, आमच्या घराचं ह्या दारात काम होणं अवघड. का? तर म्हणला, अठ्ठ्याहत्तर साली आमचा आजा अन् त्याच्यासंगं सहा जण पाझर तलावाच्या कामावर राह्यले, मतदानाला आले न्हाईत... आबासाहेब पडले ते आमच्या सात मतांनी!

मी बाकावरून उठलोच. म्हणलं, तुम्ही कसे? ते सात तर आम्ही! तो म्हणला, न्हाई हो, आम्ही! अन् समोरचा एक म्हातारा पागोटं सावरत म्हणला, दोघंबी भांडू नका, ते सात आमच्या वस्तीवरले. तुम्हाला सांगतो, तिथं मला खरी भीती वाटली. प्रत्येक गावात एकेक घर नेमून दिलेलं! अन् प्रत्येक गाव ताईंना भरभरून मत देऊन आपापलं पाप फेडून राह्यलं!

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला. साखर किती म्हणून विचारलं. मायची तब्येत विचारली. सुनेचं नाव घेऊन विचारलं, तृप्तीचं बरं चाललंय ना शाळेत? मी म्हणलं, तुमच्या कृपेनं बरं चाललंय. मंग स्मरणिका उघडली, पान चौदा. वजाबाकीवरून बोट फिरवलं. हातच्यावरसुद्धा फिरवलं. अन् म्हणल्या, “गुरुजी, गणित बराबर आहे तुमचं. मी लग्न होऊन आले तवापासून मला माहीत आहे.” मी कप खाली ठेवला. त्या म्हणल्या, “पण लोकांना सात मतांचं वाईट वाटतं. सव्वीस हजारांचं कुणाला वाटंल का?”

अन् खरंय की न्हाई हो ते! न्हाईच वाटायचं!

मंग कल्याणरावांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं ठेवला. शुद्धिपत्रक. छापूनच आणलं होतं. ‘पान चौदावरील आकडा लेखकाच्या नजरचुकीने पडला आहे, तो सात असा वाचावा.’ खाली माझं नाव, सहीला जागा. मी म्हणलं, ताई, खालचा ताळा? त्या म्हणल्या, “तो झाकला जाईल, चिठ्ठी मोठी आहे.”

केली सही. तुम्ही काय केलं असतं? घरी सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी! दोन हजार चिठ्ठ्या रातभर बसून मीच चिकटवल्या, खळ लावून. मायला सांगितलं न्हाई. कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी जयंतीचा कार्यक्रम आमच्याच गावात झाला. माय पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, ताठ मानेनं बसली होती. तिला वाटलं, आज आकडा सगळ्यांसमोर वाचणार. ताई उठल्या, चष्मा काढला. म्हणल्या, ह्या गावात एक घर आहे, चूक झाली त्यांच्याकडून. पण त्याच घरच्या गुरुजींनी आज स्वतःच्या सहीनं सात मतं कबूल केलीत. आबासाहेबांच्या आत्म्याला साक्षी ठेवून मी त्या घराला आज माफ करते! काय टाळ्या, काय टाळ्या! पुढच्या सोमवारी धम्मपालच्या गावात आहे म्हणे असाच कार्यक्रम. मला हार घातला. बाया येऊन मायच्या पाया पडल्या, ज्या दोर आवरायच्या त्यांच्या सुना.

माय माझ्याकडं बघून म्हणली, “पण आपण केलंच न्हाई ना, रामकिसन? तूच तर म्हणला व्हतास.”

मी तिच्या कानात म्हणलं, “हात जोड माय.”

अन् जोडले तिनं. शहाऐंशी वर्षांचे हात. माझ्याकडं मात्र बघितलं न्हाई... अजून बघत न्हाई.

तृप्तीची ऑर्डर दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. बघा ना, बापानं केलाच नव्हता तो गुन्हा मी सोमवारी कबूल केला, मंगळवारी माफ झाला, बुधवारी सून कायम... एवढं जल्दी काम कोणत्या हाफिसात होतं, सांगा बरं!